‘थिंग्ज फॉल अपार्ट’: इग्बो समाज आतून मोडला की बाहेरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या निबंधासाठी नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही कादंबरी वाचून झाली. आता तिच्यातला इग्बो समाज (आग्नेय नायजेरियातला) इंग्रजांनी मोडला असं लिहायचं, की नायक ओकोंक्वोचा मुलगा न्वोये घर सोडून मिशनऱ्यांकडे जातो त्याअर्थी समाज आधीच आतून पोखरलेला होता असं लिहायचं? शिवाय, या एका कादंबरीवरून ‘पारंपरिक इग्बो समाज असा होता’ असं म्हणता येईल का?

मला वाटतं खरी अडचण बाजू निवडण्याच्या आधीच सुरू होते. तुम्ही ओकोंक्वोलाच इग्बो समाज धरून चालला आहात. वर्गात हा घोळ नेहमी दिसतो: ओकोंक्वो तापट, म्हणून समाज तापट, ओकोंक्वो गळफास घेतो, म्हणून समाज संपला. कादंबरीचा पहिला भाग पुन्हा पाहा. त्यात वारंवार ओकोंक्वो एका बाजूला आणि त्याचा समाज दुसऱ्या बाजूला दिसतो. शांततेच्या आठवड्यात, म्हणजे कोणी कोणाशी भांडायचं नाही अशा दिवसांत, तो धाकट्या बायकोला मारतो, तेव्हा भूमिदेवी आनीचा पुजारी त्याच्या घरी येऊन दंड ठोठावतो: एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा तुकडा आणि १०० कवड्या. दुसऱ्या गावाने भरपाई म्हणून दिलेल्या आणि ओकोंक्वोच्या घरी वाढलेल्या इकेमेफुनाला मारायचं ठरतं, तेव्हा वयोवृद्ध एझेउडू बजावून जातो की तो पोरगा तुला बाप म्हणतो, तू यात हात घालू नकोस. ओकोंक्वो घालतो, कारण लोक आपल्याला भित्रा म्हणतील ही धास्ती. पुढे त्याचा मित्र ओबिएरिका त्याला तोंडावर सांगतो की असल्या कृत्यापायी देवी घरंच्या घरं बुडवते. ओकोंक्वोचा ताठरपणा त्याचा स्वतःचा आहे, कर्जबाजारी, बासरी वाजवणाऱ्या बापाच्या भीतीतून आलेला. निबंधात हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट करा, म्हणजे पुढची बरीच गुंतागुंत सुटेल.

पुढचं उत्तर थोडंफार तुमच्या अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. पेपर निव्वळ साहित्याचा असेल तर कथनाची रचना, दृष्टिकोन यांवर भर हवा. वसाहतवादाचा इतिहास धरून शिकवणारा पेपर असेल तर कोर्ट, कर, वॉरंट चीफ (इंग्रजांनी नेमलेले गावप्रमुख) हे सगळं आणावं लागेल. दोन्हीकडे चालणारी वाचनाची एक पद्धत मात्र आहे आणि मी विद्यार्थ्यांना तीच करायला लावतो.

कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना वहीत चार रकाने आखा. निर्णय कशाचा झाला; कोणी घेतला; कोणाच्या अधिकारावर; आणि ज्याला तो पटला नाही त्याला काय करता आलं. पंचवीस प्रकरणांत असे पंधरा-वीस प्रसंग सहज मिळतात. तेवढे भरले की निबंधाचा कणा तयार झाला, कारण पहिल्या भागातले आणि तिसऱ्या भागातले रकाने शेजारी ठेवले की काय मोडलं ते दिसायला लागतं.

हे करताना आपल्याकडच्या वाचकाची एक सवय आड येते. गाव म्हटलं की आपण नकळत पाटील शोधतो. ओकोंक्वोचं गाव उमुओफिया हा नऊ वाड्यांचा समूह आहे आणि त्याला ना राजा ना पाटील. मानाच्या पदव्या घेतलेली माणसं आहेत, पण पदवी स्वकष्टाने मिळवायची असते, बापाकडून येत नाही. मोठा प्रश्न आला की बाजाराच्या मैदानात सगळ्या पुरुषांची सभा भरते. देवीचे पुजारी आणि डोंगरातली देववाणी यांचा अधिकार वेगळा. भाऊबंदांचा वेगळा. आणि सगळ्यांवर एग्वुग्वू, म्हणजे मुखवटे घालून येणारे पूर्वज, दर वाड्याचा एक याप्रमाणे नऊ. एकाच माणसाच्या हाती सगळी सूत्रं कधीच नसतात. ही रचना डोक्यात पक्की नसेल तर पुढे नेमकं काय हिरावलं गेलं ते कळत नाही.

आता दहावं प्रकरण नीट वाचा. उझोवुलू आणि म्गबाफो यांचा खटला आहे. मेहुण्यांनी घरात घुसून मला मारलं आणि बायकोपोरं घेऊन गेले, अशी उझोवुलूची तक्रार. आधी तो बोलतो. मग बायकोचा भाऊ सांगतो की हा तिला रोज मारायचा, ती गरोदर असताना मारून गर्भ पाडला. शेजारी साक्ष देतात. एग्वुग्वू आत जाऊन विचारविनिमय करतात आणि बाहेर येऊन सांगतात: दारूचं मडकं घेऊन सासुरवाडीला जा आणि बायकोची विनवणी कर, बाईमाणसावर हात उगारणं ही मर्दुमकी नव्हे. मेहुण्यालाही सांगतात की तो दारू घेऊन आला तर बहिणीला पाठव. खटला संपल्यावर एक म्हातारा विचारतो की एवढ्याशा भांडणासाठी एग्वुग्वू कशाला? उत्तर मिळतं की उझोवुलू दुसऱ्या कोणाचंच ऐकत नाही, म्हणून.

या न्यायात त्रुटी आहेत आणि त्या झाकू नका. बायका कडेला उभ्या आहेत, म्गबाफोला कोणी काही विचारत नाही, आणि पुन्हा त्याच नवऱ्याकडे जायचं की नाही हे तिच्या हातात नाही. पण दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, साक्षी झाल्या, आणि न्याय देणाऱ्याला दोन्ही घरं, त्यांची भाषा, त्यांची सोयरीक सगळं माहीत होतं. निकालाचा हेतूही शिक्षेपेक्षा मोडलेलं नातं जोडण्याचा आहे.

याच्या शेजारी विसाव्या प्रकरणातला जमिनीचा वाद ठेवा. तो जेमतेम अर्ध्या पानाचा आहे, त्यामुळे बरेच जण तो वाचून विसरतात. अनेटोने भांडणात एकाचा जीव घेतला आणि त्याला फाशी झाली. मुळातला वादाचा तुकडा गोऱ्यांच्या कोर्टाने नामा नावाच्या माणसाच्या घराला दिला, कारण त्या घराने कोर्टाच्या शिपायांना आणि दुभाष्याला भरपूर पैसे चारले होते. जमिनीचे आमचे रिवाज गोऱ्याला कळतात का, असं ओकोंक्वो विचारतो. ज्याला आमची भाषाच येत नाही त्याला ते कुठून कळणार, असं ओबिएरिकाचं उत्तर. कोर्टाचे शिपाई, कोत्मा, नदीकाठच्या दूरच्या उमुरू गावाहून आणलेले परके लोक. तुरुंगात मानाच्या पदव्या घेतलेल्यांना झाडलोट करायला आणि लाकडं वाहायला लावलं जातं. चार रकान्यांत हा प्रसंग भरून पाहा: निर्णय घेणारा अनोळखी, अधिकार कुठल्या लांबच्या राणीचा, आणि ज्याला निकाल पटला नाही त्याच्यासाठी चौथा रकाना रिकामा.

आतून की बाहेरून या प्रश्नावर माझं म्हणणं इथे सुरू होतं. भेगा आधीपासून होत्या आणि अचेबे त्या पहिल्या भागातच दाखवतात. जुळी मुलं रानात टाकली जातात. ओबिएरिकाला स्वतःची जुळी आठवतात आणि त्यांचा गुन्हा तरी काय होता असा प्रश्न त्याला पडतो, पण उत्तर मिळत नाही. न्वोये इकेमेफुनाच्या मरणानंतर आतून तुटलेला आहे. पण या समाजाला स्वतःचे नियम बदलताही येत होते. एझेउडूच सांगतो की पूर्वी शांततेच्या आठवड्यात भांडणाऱ्याला मरेस्तोवर फरफटत नेत. ज्या शांततेसाठी नियम होता तीच त्याने बिघडत होती, म्हणून ती प्रथा बंद झाली. ही दोन वाक्यं निबंधात जरूर घ्या. परंपरा म्हणजे गोठलेली गोष्ट, या समजाला तिथेच धक्का बसतो.

मग नुसत्या चर्चने हा समाज मोडला असता का? अचेबेंनी हा प्रश्न आपल्यासाठी जवळजवळ प्रयोगासारखा मांडला आहे. ओकोंक्वोच्या आजोळी, म्बान्तामध्ये, चर्च येतं, पण सरकार अजून पोहोचलेलं नाही. गावकरी मिशनऱ्यांना दुष्ट अरण्यातली, म्हणजे अशुभ मानलेल्या रानातली, जागा देतात. चार दिवसांत मरतील अशी खात्री असते, मरत नाहीत. मग सांगितलं जातं की पूर्वज सात बाजार-आठवडे, म्हणजे २८ दिवस वाट पाहतात (इग्बो आठवडा चार दिवसांचा). तेही उलटतात आणि आणखी काही लोक धर्म बदलतात. पुढे एका धर्मांतरिताने पवित्र अजगर मारल्याची बातमी पसरते. सभा भरते. ओकोंक्वोला मारहाण हवी असते, पण सभा ठरवते की यांना वाळीत टाकायचं. थोड्याच दिवसांत ज्याच्यावर संशय होता तो ओकोली आजारी पडून मरतो. देवाने आपलं काम केलं असं लोक मानतात आणि ख्रिस्ती लोकांना त्रास देणं थांबतं. ओकोंक्वोला हा नेभळटपणा वाटतो. पण नीट पाहिलं तर गावाने एक मोठं भांडण रक्त न सांडता पेललं.

उमुओफियात तसंच भांडण पेटतं. एनॉक नावाचा कडवा धर्मांतरित भर सोहळ्यात एग्वुग्वूचा मुखवटा ओढून काढतो. बदला म्हणून एग्वुग्वू त्याचं घर आणि चर्च जमीनदोस्त करतात. पण पाद्री स्मिथच्या अंगाला हात लावत नाहीत. उलट त्याला सांगतात की आमच्या रीतीभाती आवडत असतील तर इथेच राहा, तुझ्या देवाची पूजा कर. इथपर्यंत ही म्बान्ताचीच पुनरावृत्ती आहे: अपराध, मापात शिक्षा, पुन्हा एकत्र राहण्याची वाट. फरक पडतो तो जिल्हाधिकारी दौऱ्यावरून परत आल्यावर. तो सहा म्होरक्यांना बोलण्यासाठी म्हणून बोलावतो, बेड्या घालतो आणि २०० पोती कवड्यांचा दंड लावतो. शिपाई त्यांचे डोके भादरतात, उपाशी ठेवतात आणि गावात जाऊन २५० पोती सांगतात. वरची ५० पोती शिपायांच्या आणि त्यांच्या नायकांच्या खिशात. गावाला हा फरक कधीच कळत नाही, कारण इंग्रज अधिकारी आणि गाव यांच्यामध्ये तेच शिपाई उभे आहेत. वसाहतवादी राज्य खालच्या पायरीवर कसं चालतं हे दाखवायला याहून नेमका तपशील या कादंबरीत दुसरा नाही. तो हमखास वापरा.

म्हणून निबंधाचं मुख्य विधान मी असं करीन: चर्चमध्ये कोण जाणार ते आतल्या भेगांनी ठरवलं; पण त्या भेगा सांधण्याची जी यंत्रणा समाजाकडे होती ती वसाहतीच्या कोर्टाने, तुरुंगाने आणि बंदुकीने निकामी केली. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दोघांची कामं वेगळी आहेत. तिसरा धागा व्यापाराचा, तो विसरू नका. पाम तेल आणि पामची बी यांना भाव आला, गावात पैसा खेळू लागला, आणि म्हणूनच नव्या राजवटीबद्दल ओकोंक्वोइतका संताप अनेकांना नव्हता. मिशनरी ब्राउन शाळेसाठी पोरं गोळा करताना असं पटवतो की तुमची मुलं लिहायला-वाचायला शिकली नाहीत तर परके येऊन तुमच्यावर राज्य करतील. कोर्टातले परके शिपाई लोकांना समोर दिसत असतात, म्हणून ते पटतं.

इतिहासाची जोड देताना जपून. कादंबरीतला अबामेचा संहार, म्हणजे सायकलवरून आलेल्या गोऱ्याला मारल्याबद्दल भर बाजारात झालेली कत्तल, १९०५ मध्ये अहिआरा भागात डॉक्टर स्टुअर्टच्या हत्येनंतर इंग्रजांनी काढलेल्या लष्करी मोहिमेवरून सुचलेला मानला जातो. उलट जिल्हाधिकारी ‘आमच्या राणीच्या’ राज्याबद्दल बोलतो, आणि व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीतच वारली होती. तेव्हा कादंबरीला एक साल चिकटवू नका. ‘एकोणिसाव्या शतकाचा शेवट आणि विसाव्याची सुरुवात’ एवढं पुरे. राजा नसलेल्या या प्रदेशात इंग्रजांनी पुढे वॉरंट देऊन ‘चीफ’ नेमले. १९२९ मध्ये ओलोको इथून सुरू झालेल्या बायकांच्या उठावात याच चीफांविरुद्ध आणि कराच्या धास्तीने हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि गोळीबारात पन्नासहून अधिक जणी मारल्या गेल्या. पेपर इतिहासाचा असेल तर हा भाग वाढवा, नाहीतर एका परिच्छेदात आटपा.

वॉरंट चीफांचा विषय खोलात पाहायचा तर अचेबेंचीच ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ (१९६४) वाचा. माझ्या मते वसाहतवादावरची त्यांची ही सर्वांत खोल कादंबरी आहे. एझेउलू हा उमुआरोच्या सहा गावांच्या उलू देवाचा मुख्य पुजारी. दर नव्या चंद्राला त्याने एक पवित्र याम (कोनफळाच्या कुळातला कंद) खायचा, आणि ते संपले की नव्या पिकाच्या सणाचा दिवस सांगायचा. त्याआधी कोणीही शेतातला याम काढायचा नाही. इंग्रज अधिकारी त्याला चीफ करू पाहतो, तो नकार देतो, म्हणून त्याला ओक्पेरीला अडकवून ठेवतात. तिथे नवे चंद्र उगवतात पण याम खाल्ले जात नाहीत. परत आल्यावर हिशेब चुकलेला असतो. पदवीधारी मंडळी विनवतात की उरलेले याम आत्ताच खा, पाप आमच्या माथी. तो ऐकत नाही, पीक जमिनीत कुजायला लागतं, आणि चर्च जाहीर करतं की याम आमच्याकडे अर्पण करा, उलू देवाचा कोप तुम्हाला लागणार नाही. इथे गोळी सुटलेली नाही. एका कोठडीने पंचांग मोडलं, आणि पंचांगावर शेती उभी होती. शिवाय पुन्हा तीच गोष्ट दिसते की समाज लवचिक आहे आणि अडून बसलाय तो एक माणूस. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’वरचं तुमचं म्हणणं भक्कम करायला ही जोडी फार उपयोगी पडेल.

ओसूंबद्दल, म्हणजे कादंबरीतल्या बहिष्कृत वर्गाबद्दल, एक इशारा. मराठी वाचक ओसू म्हटलं की लगेच आपल्याकडच्या अस्पृश्यतेशी आणि धर्मांतराशी तुलना करतो. तुलना सुचणं स्वाभाविक आहे आणि काही अंशी ती पोचतेही: वेगळी वस्ती, सोयरीक नाही, केस कापायची बंदी, मेल्यावर दुष्ट अरण्यात पुरणं. पण ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस आणि त्याची संतती. व्यवसायांची उतरंड त्यामागे नाही. फरक लिहून मगच तुलना करा. आणि चर्चमध्ये जाऊन ओसूंचा प्रश्न सुटला असं तर मुळीच लिहू नका. ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ (१९६०) मध्ये ओकोंक्वोचा नातू ओबी, ओसू घराण्यातल्या क्लाराशी लग्न करू पाहतो, तेव्हा विरोध करणारा त्याचा बाप म्हणजे एकेकाळी घर सोडून मिशनऱ्यांकडे गेलेला न्वोयेच, आता आयझॅक. पूर्व नायजेरियात ओसू प्रथा कायद्याने रद्द झाली ती १९५६ साली.

तुमचा दुसरा प्रश्न, एका कादंबरीवरून सगळा समाज सांगता येतो का. नाही येत. उमुओफिया काल्पनिक आहे आणि इग्बो प्रदेशात रिवाज गावागणिक बदलतात. कादंबरीतली माणसंसुद्धा हे बोलून दाखवतात, अमुक गावात मानाची माणसं ताडामाडावर चढतात म्हणे, वगैरे. सर्वांत मोठी उणीव बायकांच्या बाजूची. ती भरायला फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ (१९६६) घ्या: इथे व्यापार करणारी, दोन लग्नं मोडल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई केंद्रस्थानी आहे आणि इंग्रज पार कडेला. वेळ कमीच असेल तर चिमामांडा न्गोझी अडिची यांची ‘द हेडस्ट्राँग हिस्टोरियन’ ही कथा वाचा, २००९ च्या संग्रहात आहे. त्यातली न्वाम्बा मुलाला मिशनच्या शाळेत घालते ती देवासाठी नव्हे. नवऱ्याच्या भावकीने बळकावलेली जमीन परत मिळवायची तर गोऱ्यांच्या कोर्टात इंग्रजी बोलणारा मुलगा हवा, हे तिच्या लक्षात आलेलं असतं. अनेटोच्या खटल्याशेजारी हा प्रसंग ठेवलात तर निबंधात एक स्वतंत्र परिच्छेद सहज होईल.

लिहिताना नेहमी होणाऱ्या चुका सांगून ठेवतो. पहिली, कोला नट, कुस्त्या, मुखवटे यांची यादी करून तिलाच ‘इग्बो संस्कृती’ म्हणणं. प्रत्येक तपशिलासोबत तो कथेत काय काम करतो ते लिहा, नाहीतर गाळा. दुसरी, ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ हे वाक्य. एका बाजूकडे तुरुंग आणि फौज असताना हा शब्दप्रयोग सत्तेची गोष्ट लपवतो. तिसरी सर्वांत महागात पडते: शेवटच्या पानावर जिल्हाधिकारी आपल्या पुस्तकात ओकोंक्वोला एखादा परिच्छेद द्यायचं ठरवतो, तो लेखकाचाच निष्कर्ष समजणं. चोवीस प्रकरणं आपण आतून पाहिलेला माणूस तिथे अचानक बाहेरच्या नजरेने, एका परिच्छेदाच्या मजकुरात आक्रसतो. ही नजर बदलते ते नेमकं वाक्य शोधा, खाली रेघ मारा आणि त्याच्या आधीचं ओबिएरिकाचं रागाचं बोलणं सोबत उद्धृत करा.

शब्दमर्यादा दोन हजारांची असेल तर दोन खटले आणि म्बान्ता-उमुओफिया तुलना यांना मिळून निम्मी जागा द्या, ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ला तीन-चारशे शब्द, ओसू आणि बायकांची बाजू यांना उरलेल्यातली बरीचशी. ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’मधले उतारे घेताना आवृत्ती तपासा, कारण १९७४ मध्ये अचेबेंनी ती कादंबरी सुधारून पुन्हा काढली. ग्रंथालयातली प्रत आणि शिक्षकांची प्रत वेगळी निघाली तर उतारे जुळत नाहीत, तेव्हा कुठली आवृत्ती वापरली ते तळटीपेत साल देऊन लिहा.